कूलर बंद असतानाची सही

तुम्ही पाठवलेल्या तीन चित्रांपैकी एकही मी निवडणार नाही. इंटरनेटवरून बोलायला कानाला लावायचं यंत्र घ्यायचं आहे, आजीला कोणतं सोयीचं वाटतं, असं तुम्ही विचारलंत आणि प्रत्येक चित्राखाली त्याचे गुणही लिहून पाठवलेत. पण चित्र बघून, गुण वाचून असलं यंत्र निवडणं मी एकदा केलेलं आहे. माझ्या आयुष्यात मी ज्या थोड्या गोष्टी अगदी नीटनेटक्या चुकीच्या केल्या, त्यांतली ती एक. तुमच्या बाबांनाही ही हकीकत माहीत नाही. ते तेव्हा तिसरीत होते आणि आई ऑफिसात फोन जोडते एवढंच सांगत असत.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कडेला एका खाजगी कंपनीचं ऑफिस होतं. खाणींना लागणारे लाकडी खांब पुरवायचे आणि कोळसा उचलून पोचवायचा, हे तिचं काम. लाकडाचा डेपो लकडगंजमध्ये, माणसं उमरेडकडे आणि खापरखेड्याला, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा फोनचा बोर्ड आमच्या खोलीत. बोर्डावर आम्ही दोघी. मी सकाळी सात ते एक, आणि दुसरी मुलगी एक ते सात. मी मोठी, म्हणून सकाळ माझी. ही वाटणी कोणी लिहून दिलेली नव्हती, पण तसं सगळ्याच ऑफिसांत असे. वरिष्ठांनी थंड वेळ घ्यायची, नव्यांनी दुपार काढायची. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही.

ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, आवाज खणखणीत. तिच्या वडिलांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ते खापरखेड्याच्या वीजघरात कामाला होते आणि ती शहरात आत्याकडे राहून नोकरी करत होती. नोकरी तात्पुरती होती. एक वर्ष काम पाहायचं आणि जूनमध्ये कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरवायचं, असा कंपनीचा नियम. मालकांची सही नावापुरती; ठरवणारे एकच होते, आमचे प्रशासनाचे साहेब.

या साहेबांबद्दल मी आजही चांगलं लिहू शकत नाही, तेव्हा तसा प्रयत्नही करत नाही. माणूस दिसायला स्वच्छ, बोलायला मऊ. त्यांच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. मला स्वतःला व्यवस्थेची आवड, म्हणून सुरुवातीला मला ते आवडत, हेही सांगून टाकते.

आमचे जुने सेट म्हणजे एक शिक्षा होती. छातीवर पत्र्याची पट्टी, तिच्यावर कर्ण्यासारखं उभं तोंड, गळ्यात चामड्याचा पट्टा, डोक्यावर पोलादी कमान आणि एका कानावर वाटीएवढा जड गोळा. ती कमान अंबाड्याच्या पुढे बसवली की दोन तासांत टाळू ठणकायला लागे. पदर चुरगळे. पट्ट्याखाली घामोळं येई. घरी गेल्यावर तुमचे बाबा माझ्या कानामागचा लाल वळ बोटानं दाबून बघत.

त्या जानेवारीत मुंबईहून एक विक्रेता आला. त्याच्या पेटीत नव्या तऱ्हेचे सेट होते. प्लॅस्टिकची बारीक कमान, कानावर मऊ गादी आणि गालापाशी येणारी एक नाजूक दांडी, तिच्या टोकाला सुपारीएवढा माईक. मी तो डोक्यावर ठेवला आणि खरं सांगते, मला रडू यायचं बाकी होतं. इतकं हलकं!

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, तुमचं इंग्रजी इथे सगळ्यांत चांगलं. तुम्ही ट्रायल घ्या आणि रिपोर्ट लिहा. मालकांना वाचायला द्यायचा आहे, तेव्हा भाषा जरा..." आणि त्यांनी हातानं एक गोल काढला, म्हणजे भाषा कशी हवी ते कळावं. पुढे म्हणाले, "बोर्डाला एक मुख्य ऑपरेटर नेमायचा विचार चालू आहे. तुमचं नाव डोक्यात आहे माझ्या."

ट्रायल दुसऱ्या दिवशी दुपारी एकला झाली, माझी वेळ संपताना आणि तिची सुरू होताना. मी नवा सेट लावून बोर्डाशी बसले. साहेब त्यांच्या केबिनमधून बोलले, मी उत्तर दिलं. मग उमरेडला जोडलं, खापरखेड्याला जोडलं. मी विक्रेत्याच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य वाचून दाखवलं. सगळ्यांनी स्पष्ट, स्पष्ट म्हणून सांगितलं. साहेब खुशीत बोर्डाच्या खोलीत आले.

ती मुलगी बाजूच्या स्टुलावर रजिस्टर घेऊन बसली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "ताई, एकदा कूलर लावून पाहा ना. मंग समजन."

आमच्या बोर्डामागच्या खिडकीत कूलर बसवलेला होता. लोखंडी पेटारा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा. जानेवारीत तो पोत्यात गुंडाळून ठेवलेला असे. पोत्यावर धूळ, धुळीवर पालीची अंडी.

साहेब हसले. "जानेवारीत कूलर? सगळ्यांना न्युमोनिया करायचाय का हिला?"

विक्रेता हसला. आणि मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझं हसणं मोठं नव्हतं, पण तिनं ते पाहिलं. तिनं मान खाली घालून रजिस्टरात वेळ लिहिली.

रिपोर्ट मी घरी बसून लिहिला. तीन परिच्छेद, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा की हे सेट हलके, सुखकारक असून कामाच्या सर्व परिस्थितींत पूर्ण समाधानकारक आहेत. 'सर्व' हा शब्द मला फार आवडला होता. त्यानं वाक्याला तोल येत होता. खाली माझी सही.

फेब्रुवारीत नवे सेट आले. साहेबांनी जुने भंगारात द्यायला सांगितले. मी त्यांची यादी केली, फडक्यात बांधले आणि भंगारवाला येईपर्यंत कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. भंगारवाला आला नाही. मीही आठवण केली नाही. पुढे उपयोगी पडलं ते एवढंच, आणि तेसुद्धा शहाणपण नव्हे, सवय.

होळी झाली आणि कूलर उघडला. माळ्यानं नव्या ताट्या लावल्या, खोलीत वाळ्याचा वास पसरला. सकाळी सात ते एक मला त्याची गरज फारशी पडत नसे. साडेअकराच्या पुढे मी तो सुरू करायची, तोही हळू. तो पूर्ण जोरावर जायचा एक वाजता, ती बसायची तेव्हा. नागपूरचा मे तुम्ही पाहिलेला नाही. दुपारी दोनला बोर्डाच्या पितळी खुंट्यांना हात लावला तर चटका बसे. कूलर बंद ठेवून तिथे बसणं माणसाचं काम नव्हतं.

एप्रिलपासून तक्रारी यायला लागल्या. उमरेडहून, खापरखेड्याहून, डेपोतून. दुपारच्या बाईंचं बोलणं समजत नाही. पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. एकदा निरोप न कळल्यामुळे तीन ट्रक दिवसभर उमरेडच्या फाट्यावर उभे राहिले. सकाळच्या वेळेबद्दल एकही तक्रार नव्हती.

साहेबांनी कागद समोर ठेवून मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ती फार भरभर बोलत असेल."

"भरभर नाही हो. भाषा. मले-तुले. घरात जे ऐकलं तेच तोंडात येणार. त्या वस्तीतून आलेल्या पोरींना बोर्डावर बसवूच नये, असं माझं आधीपासून मत आहे. पण मालकांना वाटतं, संधी द्यावी." मग त्यांनी एक पेन्सिल उचलून तिच्या जागी परत ठेवली. "तुम्ही तिला जरा शिकवा. जूनपर्यंत सुधारली तर बघू."

मी त्यांना तोंडावर काही बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं. खोलीबाहेर आल्यावर मला त्यांचा राग आला, आणि रागाबरोबर हेही वाटलं की त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेल. मी इंग्रजी शाळेत वाढलेली. आमच्या घरी 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की आई जेवणाच्या पाटावरून उठवी. माझ्या मनात ते तथ्य आधीच तयार होतं, साहेबांनी फक्त बाहेर काढलं.

तेव्हापासून रोज साडेबाराला ती येई आणि मी तिला शिकवी. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावी. ओठ उघड, शब्द तोड, शेवटचं अक्षर गिळू नकोस.

"मला," मी म्हणे.

"मला," ती म्हणे.

"का?"

"फोनवर तर मी 'का'च म्हणते ताई. काहून मी तुमच्यासंग म्हणते."

एक दिवस तिनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "ताई, एक विचारू? उमरेडवाले कोणत्या भाषेत बोलतात?"

"तुझ्यासारखंच बोलतात."

"मंग त्यायले माझं समजत नाही अन् तुमचं बराबर समजते? असं कसं होऊन राहिलं?"

 मी म्हटलं, "बोली कोणतीही असो, स्पष्टपणा हवा." शिक्षिका होण्याची हौस असलेल्या माणसाला असली वाक्यं फुकट मिळतात.

"मी जानेवारीतच बोलली होती," ती म्हणाली. "तुम्ही हसल्या होत्या."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही." तिनं सेट डोक्यावर चढवला, उठून कूलर पूर्ण जोरावर केला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. त्या घरघरीत मी दार ओढून घेतलं आणि घरी गेले. संबंध माझ्या पाठीमागे घरघरत होता आणि मला तो ऐकू आला नाही.

मे महिन्याच्या मध्यावर तिची आई आजारी पडली आणि तिनं दोन दिवसांची रजा मागितली. दुपार मला काढावी लागली. एक वाजता मी कूलर पूर्ण जोरावर केला, हुश्श केलं आणि पहिला फोन जोडला. उमरेडचे मुनीम. माझा त्यांचा रोजचा संबंध, सकाळी ते "नमस्कार बाई" म्हटल्याशिवाय कामाला लागत नसत.

मी म्हटलं, "मुनीमजी, डेपोतून निरोप आहे, लिहून घ्या."

"कोण बोलून राहिलं?"

"मी बोलतेय. सकाळची."

"कोण? जोरात बोला नं वं बाई! पाण्यात बसून बोलून राहिली का?"

आजवर ते मला कधी 'वं' म्हणाले नव्हते. त्यांना वाटलं, ती आहे. तिच्याशी ते असं बोलत असत, रोज दुपारी, आणि ती ऐकून घेत असे.

मी जोरात बोलले. ओठ उघडून, शब्द तोडून, शेवटचं अक्षर न गिळता. माझे सगळे धडे मी त्या सुपारीएवढ्या माईकमध्ये ओतले.

"ते दुपारवालीच बरी होती," मुनीम तिकडे कोणालातरी म्हणाले. ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. "हिले तं काहीच बोलता नाही येत."

मी उठले. कूलरचा खटका बंद केला. पंखा थांबेपर्यंत उभी राहिले आणि मग म्हटलं, "मुनीमजी, आता?"

"अरे, बाई तुम्ही? नमस्कार, नमस्कार! माफ करा. आता बराबर येऊन राहिला आवाज."

दुसऱ्या दिवशी बोर्ड दुरुस्त करणारा मेकॅनिक येणार होताच. त्याला विचारलं. त्यानं सेट उलटा करून माईकची जाळी नखानं उचकटली. "जुन्याचा कर्णा तोंडासमोर असतो, बाई. तोंडाचा आवाज तेवढा आत घेतो, बाकीचा बाहेर ठेवतो. हा सगळंच घेतो. तुमचा आवाज एक आणा, कूलरचा पंधरा आणे. वरून आत बारीक कोळशाचे कण असतात, ओल्या हवेनं ते बसून जातात." मग हसून म्हणाला, "कोळशाच्या कंपनीत राहून कोळसा ओळखला नाही तुम्ही. घेताना कूलर लावून नव्हता पाहिला का?"

ती परत आल्यावर मी कपाटातून जुना सेट काढून तिच्या हातात दिला. काय झालं ते सांगितलं.  तिनं पट्टा गळ्यात घातला, कर्णा तोंडाशी आणला, कूलर लावला आणि कामाला लागली. फक्त मी निघताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचे बाबा टर्बाइनपाशी असतात. तिथं बिनकर्ण्याचं कोणी बोलतच नाही. लहानपणापासून मले माहीत आहे."

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

महिन्याच्या उरलेल्या दिवसांत दुपारची एकही तक्रार आली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. चेहरा प्रसन्न. तिची फाइल समोर.

"बाई, तुम्ही कमाल केलीत. मुलगी सुधारली! मी लिहून टाकलंय, बघा." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. इंग्रजीत लिहिलं होतं की सदर कर्मचारिणीचे उच्चार सदोष होते, वरिष्ठ ऑपरेटरनं दिलेल्या शिक्षणामुळे त्यांत समाधानकारक सुधारणा झाली आहे, सबब कायम करण्यास हरकत नाही. "तुमचंही नाव आलंय त्यात. मुख्य ऑपरेटरच्या वेळी हे उपयोगी पडेल."

मी सांगितलं की सुधारली ती मुलगी नव्हे, सेट बदलला आहे. कूलरचं सांगितलं, मेकॅनिकचं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून जानेवारीचा रिपोर्ट काढला. "कामाच्या सर्व परिस्थितींत पूर्ण समाधानकारक. सही कुणाची?"

"माझी."

"मग? मालकांनी हे वाचून खरेदीला मान्यता दिली. आता त्यांना जाऊन सांगायचं, की आमच्या बाईंना उन्हाळा येतो हे माहीत नव्हतं? मुलगी कायम होते आहे. तिचं भलं होतंय, तुमचं भलं होतंय. उगाच कशाला उकरून काढता?"

खरं सांगू? बाहेर येईपर्यंत मला ते पटलं होतं. तिची नोकरी टिकत होती ना. एका ओळीनं काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते तिलाही सांगायला बोर्डाच्या खोलीत गेले. वाटलं होतं, तिला आनंद होईल.

तिनं कर्णा बाजूला केला. "काय लिहिलं म्हणता? परत सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे माझ्या जिभेत खोट होती, अन् तुम्ही ते काढली."

"अगं, फाइल कोण वाचतं? तू कायम झालीस."

"मी उद्या दुसरीकडं अर्ज केला तं हेच फाइल वाचतीन. अन् माझ्या मागं कोणी आमच्यातली पोरगी आली, तं साहेब हेच कागद काढून दाखवतीन. पाहा, पहिली बी अशीच होती." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही महिनाभर मले 'मला, मला' म्हणवून घेतलं ताई. मी म्हटलं. वरतून तुमचं इंग्रजी चांगलं. तं आता इंग्रजीतच लिहा का हिच्या जिभेत काही खोट नव्हती. जानेवारीत लिहिता आलं, जूनमध्ये काहून नाही येत?"

"साहेब चिडतील. तुझं कायम होणं अडलं तर?"

"अडू द्या," ती म्हणाली. "तुमचं अडन म्हणून भेऊन राहिल्या तुम्ही. माझं नाव नका घेऊ."

बोर्डावर दिवा लागला, ती वळली आणि म्हणाली, "नमस्कार, बोला." अतिशय स्पष्ट.

मला तिचा भयंकर राग आला. मी तिच्यासाठी एवढं केलं आणि ही अशी, असं घरी जाताना रिक्षात माझ्या मनात चाललं होतं. रामदासपेठ येईपर्यंत मी तिच्यासाठी काय काय केलं ते मोजत होते. यादी करण्याची सवय. यादीत एकच गोष्ट निघाली, कपाटातून सेट काढून देणं. बाकी सगळं मी तिच्याबाबतीत केलेलं होतं, तिच्यासाठी नव्हे.

त्या आठवड्यात मी तीन कागद फाडले. पहिल्यात दोष विक्रेत्याला दिला होता, दुसऱ्यात हवामानाला. तिसऱ्यात 'गैरसमज' असा शब्द आला, म्हणून फाडला. चौथा चार ओळींचा झाला. जानेवारीतली चाचणी कूलर बंद असताना झाली. कूलर लावून पाहावा असं दुपारच्या ऑपरेटरनं त्याच वेळी सुचवलं होतं, ते आम्ही ऐकलं नाही. 'सर्व परिस्थितींत' हे माझे शब्द खोटे होते. तिच्या उच्चारांत कधीही दोष नव्हता आणि मी दिलेल्या शिक्षणाची तिला गरज नव्हती. दोन प्रती केल्या. एक साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक मालकांच्या कारकुनाकडे दिली, कारण साहेबांच्या ड्रॉवरवर माझा विश्वास उरला नव्हता.

साहेब मला काही बोलले नाहीत. मऊ माणसं बोलत नाहीत. मालकांनी तिला कायम केलं. तिच्या फाइलमधली ती ओळ साहेबांनी खोडली नाही, पण माझा कागद तिच्याखाली टाचला गेला, तो काढण्याची त्यांची छाती झाली नाही. मुख्य ऑपरेटर बाहेरून आणली. भंगारवाल्याला मात्र दुसऱ्याच दिवशी बोलावणं गेलं, आणि माझ्या यादीप्रमाणे सगळे जुने सेट मोजून त्याच्या गाडीवर चढले. तिच्या गळ्यातलासुद्धा. मग जुलैपासून एक नवा तक्ता लागला. सकाळची वेळ तिला, दुपारची मला. कायमची. तक्ता अगदी नीट आखलेला होता, लाल आणि निळ्या शाईत.

ती माझ्याशी पुढे गोड बोलली असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालं नाही. आभार तिनं मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. एक वाजता मी आले की ती रजिस्टर माझ्यापुढे सरकवी, सेट काढून ठेवी, आणि निघे. सहा महिन्यांनी तिला दुसऱ्या एका ऑफिसच्या बोर्डावर काम मिळालं. तिथे मागच्या कंपनीचे कागद मागवले होते, एवढं मला मालकांच्या कारकुनाकडून कळलं. जायच्या दिवशी तिनं बोर्डाच्या चाव्या माझ्या हातात न देता टेबलावर ठेवल्या.

मी त्या खोलीत आणखी नऊ उन्हाळे दुपारी बसले. फोन आला की माईकवर तळहाताचा कर्णा करायचा. तोही पुरला नाही की उठून कूलर बंद करायचा, बोलायचं, पुन्हा लावायचा. घाम पापणीवरून रजिस्टरात पडे आणि शाई फुटे. साहेब कधी दारावरून गेले तर आत बघून म्हणत, "बाई, कशा आहात? हलका आहे ना सेट?"

अशाच एका मे महिन्यात दुपारी बाहेरची लाइन वाजली. पलीकडे कुठल्यातरी ऑफिसची ऑपरेटर होती. आवाज ओळखायला मला तिचं एक 'हॅलो' पुरलं. तिनंही मला ओळखलं असणार.

मी म्हटलं, "नमस्कार. कोण हवंय?"

 ती म्हणाली, "तुमचा आवाज येऊन नाही राहिला ताई. कूलर बंद करा."

मी उठले आणि खटका दाबला. पंखा फिरायचा थांबेपर्यंत उभी राहिले. वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता येते," ती म्हणाली. "डेपोचे मॅनेजर द्या."

मी लाइन जोडून दिली.

तेव्हा मुलांनो, ती तिन्ही यंत्रं इथे पाठवा, नाहीतर एकही घेऊ नका. एप्रिलच्या आधी मी काही सांगणार नाही. हल्ली शेजारच्या गच्चीवरचा कूलर माझ्या खिडकीकडे तोंड करून आहे आणि त्याचा आवाज त्या जुन्यापेक्षा मोठा आहे. दुपारी दोनला, तो चालू असताना, मी एकेक यंत्र लावून बोलेन. कोणतं चांगलं ते तुम्ही तिकडून सांगायचं. मी त्यावर सही करणार नाही.